कॅरोटिड धमनीतील प्लाक संगणक कसा ओळखतो?

प्रश्न: मानेच्या धमनीच्या सोनोग्राफीत संगणक प्लाक (धमनीच्या भिंतीत साचलेला मेद, कॅल्शियम वगैरेंचा उंचवटा) आपोआप शोधतो, तेव्हा तो नेमके काय मोजतो?

उत्तर १: मुख्यतः धमनीच्या भिंतीच्या आतील दोन थरांची जाडी. जर्मनीतील मॅनहाइम येथे ठरलेल्या निकषांनुसार ती १.५ मिलिमीटरहून अधिक असेल, किंवा एखादा उंचवटा पोकळीत किमान ०.५ मिलिमीटर शिरला असेल, तर त्याला प्लाक म्हणतात. कडा आखण्यासाठी २०१५ साली मांडलेल्या यू-नेटसारखी न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणाली) वापरली जातात.

उत्तर २: खरी अडचण पुढेच आहे. मेदयुक्त मऊ प्लाक जवळजवळ रक्ताइतकाच काळा दिसतो, आणि धोका बहुधा त्याचाच अधिक. उलट कॅल्शियम साचलेला प्लाक लख्ख दिसला, तरी त्याच्या सावलीत पलीकडची भिंत लपते.

प्रश्नकर्ता: म्हणजे जोडीला कलर डॉप्लर (वाहते रक्त रंगात दाखवणारी सोनोग्राफी) हवेच?

उत्तर २: होय. जिथे रंग भरत नाही, तिथे डॉक्टरांनी स्वतः पुन्हा पाहावे.