मदत हवी आहे: सहलीतला हातखर्च, एक उधळ्या आणि एक चिकट

धागाकर्ती

नमस्कार मंडळी,

तीन आठवड्यांनी आम्ही चौघं आठ दिवसांच्या सहलीला निघतोय. तिकिटं झाली, राहायची सोय झाली. डोकेदुखी एकच उरली आहे, मुलांचा हातखर्च. लेक १२ वर्षांची, चिरंजीव ७ वर्षांचे.

मागच्या सहलीचा किस्सा सांगते, म्हणजे अडचण कळेल. दोघांना सारखीच रक्कम दिली होती, निघायच्या दिवशी, एकदम. "शेवटपर्यंत पुरवायचे, संपले की संपले," असं दहादा बजावलं. चिरंजीवांनी पहिल्याच संध्याकाळी बहुतेक सगळे पैसे दिवे लागणाऱ्या तलवारीवर उडवले. दुसऱ्या दिवशी दुपारी दिवे गेले, तिसऱ्या दिवशी मूठ निखळली. उरलेली चिल्लर त्या पंजाच्या मशीनने गिळली (बटण दाबलं की पंजा खाली येतो, खेळणं धरतो आणि सोडून देतो ते). मग दर दुकानापुढे भोकाड. चौथ्या दिवशी नवऱ्याचा धीर सुटला आणि त्याने हळूच मुलाच्या पाकिटात भर घातली.

लेकीने ते पाहिलं. तेव्हा काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "आई, मग मी कशाला साठवले?" मला खरंच उत्तर सुचलं नाही.

आणि तिचंही सगळं छान चाललंय असं नाही. आठ दिवसांत तिने काहीही घेतलं नाही. एका दुकानात छोटी लाकडी पेटी होती, ती दोनदा उचलून परत ठेवली. घरी आल्यावर महिनाभर त्या पेटीचं नाव काढत होती. सगळे तिला 'शहाणी' म्हणतात. मला वाटतं, तिला पैसे धरून ठेवता आले, वापरता आले नाहीत.

तर तुम्ही कसं करता? किती द्यायचे त्यापेक्षा कसे द्यायचे हे सांगा. आणि भोकाडाचं काय?

काटकसरी काकू

सात वर्षांच्या मुलाला आठ दिवस म्हणजे जवळजवळ अनंतकाळ. त्याच्या हातात एकदम रक्कम देऊन 'पुरव' म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याला रोज सकाळी त्या दिवसाचा वाटा द्यायचा. उरला तर तो त्याचाच, उद्याच्यात मिळवायचा. संपला तर रडणं फार तर झोपेपर्यंत चालतं, सकाळी नवा वाटा. चूक एका दिवसाएवढीच राहते, सगळी सहल नासत नाही. लेकीला मात्र सगळे एकदम द्या, ती सांभाळेल.

दुसरं, निघायच्या आधी ठरवा की कशाचे पैसे आई-बाबा देणार आणि कशाचे मुलं. जेवण, प्रवास, आधीच ठरलेली तिकिटं तुमची. खेळणी, आठवणीच्या वस्तू, मैत्रिणींसाठी भेटी त्यांच्या. भांडणं होतात ती मधल्या पट्ट्यात: झुल्यावर दुसरी फेरी कुणाच्या पैशाने? मधल्या वेळचा जास्तीचा खाऊ कुणाचा? हा पट्टा घरी बसून मिटवा, रांगेत उभं राहून नाही.

शेवटचा बाक

माझं म्हणणं जरा बोचेल, आधीच माफी मागतो.

मार्शमॅलोचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. मुलापुढे ही मऊ, गोड मिठाई ठेवायची आणि विचारायचं: एक आता, की थोडं थांबून दोन? स्टॅनफर्डच्या वॉल्टर मिशेलचा तो. कमी लोकांना माहीत आहे तो २०१३ सालचा, सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा, रोचेस्टर विद्यापीठातला. ३ ते ५ वर्षांची २८ मुलं. आधी एका मोठ्या माणसाने मुलांना सांगितलं, थांबलात तर चित्रकलेचं याहून छान सामान आणून देतो. निम्म्या मुलांना त्याने खरंच आणून दिलं. उरलेल्यांकडे रिकाम्या हाताने परत आला, "चुकलं, नाहीये आमच्याकडे." त्यानंतर सगळ्यांपुढे मार्शमॅलो ठेवलं. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं पहिल्या गटातल्या १४ पैकी ९ जणांनी काढली, दुसऱ्या गटातल्या १४ पैकी एकाने.

आता तुमच्या घरचं पाहा. "संपले की संपले" हा शब्द चौथ्या दिवशी मोडला. चिरंजीव उधळे असतीलही, पण पुढच्या वेळी त्यांचा हिशेब चोख असणार: उडवा, बाबा देतात. रिकाम्या हाताने परत आलेला माणूस खरा भेटला तो तुमच्या लेकीला.

उनाडवारा

सुट्टी आहे की शिकवणी?

लहानपणी आमच्याकडे सहलीत रोज रात्री खर्चाची वही लिहायला बसवायचे. मला त्या सहलींतला समुद्र आठवत नाही, वही आठवते. पोराने तलवार घेतली, एक संध्याकाळ तो राजा होता. सोडून द्या ना.

धागाकर्ती

शेवटचा बाक, बोचलं. पण पटलं. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला, तो "हं" म्हणाला आणि भाजी चिरायला गेला.

उनाडवारा, वही नाही करणार, शपथ. तलवारीवरून मी त्याला रागावलेही नव्हते. (बरं, थोडंसं.) पण नुसतं सोडून दिलं तर भुर्दंड लेकीला बसतो, तो प्रश्न उरतोच.

आणखी दोन शंका. लेक म्हणते, मैत्रिणींकडे कार्ड आहे, मला पण द्या. आणि मधेच फार आवडलेलं काही दिसलं तर उचल द्यावी का?

बिनचाकी

कार्ड नको, निदान या सहलीत तरी नको. नोट हातातून जाते तेव्हा काहीतरी गेल्याचं जाणवतं, कार्डाने ती टोचणी बोथट होते. आणि हे मोठ्यांचंही होतं. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये छापलेल्या प्रयोगात शिकून-सवरून आलेल्या एमबीएच्या विद्यार्थ्यांना खेळाच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे भरायचे होते त्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट गेली. मग बारा वर्षांच्या मुलीची काय कथा? तशी तुमची लेक चिकट आहे, तिला एक वेळ उलटा फायदाच होईल :) पण पाकीट हलकं होताना दिसणं हाच तर धडा आहे.

रोख म्हटलं की हरवणं आलं. फिरताना फक्त त्या दिवसाचे जवळ, बाकीचे खोलीत तुमच्याकडे. तरी हरवले तर काय, हेही आधी ठरवा. आमच्याकडे हरवले तर निम्मे भरून मिळतात, उडवले तर शून्य. मुलांना हा फरक लगेच कळतो.

आणि पंजाच्या मशीनचं गुपित मुलाला सांगाच. अशा बऱ्याच मशीनमध्ये पंजाची पकड मालकाला कमी-जास्त करता येते, कितव्या खेळीला घट्ट धरायचं हेही ठरवता येतं. माझ्या मुलाला हे सांगितल्यापासून तो मशीनपाशी उभा राहून इतरांना समजावतो. पैसे वाचले, लाज मात्र माझी जाते.

काटकसरी काकू

उचलीबद्दल: लहान्याला नाही. पुढच्या महिन्यातून वळते करू म्हणजे काय, ते त्याला कळणारच नाही, त्याच्या लेखी ते फुकट मिळालेले पैसे. लेकीला चालेल, पण एकदाच. कागदावर आकडा लिहून, तिची सही घेऊन. आणि घरी आल्यावर पुढच्या हातखर्चातून खरंच कापून घ्यायचे. मोह होतो "जाऊ दे गं" म्हणायचा. तो आवरत नसेल तर मुळात उचल देऊच नका.

त्या पेटीबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. आपण मुलांना सांगतो, लगेच घेऊ नको, एक दिवस थांब, तरी हवंसं वाटलं तर घे. घराजवळच्या दुकानात हे फार उत्तम. सहलीत त्याचा उपयोग नाही, कारण उद्या आपण दुसऱ्या गावात असतो. तुमच्या लेकीने नियम पाळला आणि पेटी गेली. म्हणून सहलीसाठी आमचा वेगळा नियम आहे: आधी सगळी दुकानं बघून यायचं, काही घ्यायचं नाही. परतताना ज्या वस्तूकडे पाय आपोआप वळतात ती घ्यायची. लहान मुलाचे पाय बहुतेक वेळा कुठेच वळत नाहीत, तोपर्यंत तो विसरलेला असतो. लेकीला सांगा, दुसऱ्यांदा हातात घेतलंस ना, मग घे. तुझ्या पैशांचं कामच ते आहे.

शेवटचा बाक

काकूंना +१. आणि एक राहिलंच. तुमच्या लेकीचं देणं बाकी आहे. भावाला वर जेवढे दिले तेवढे तिलाही द्या, निघायच्या आधी, कारण सांगून.

उनाडवारा

हे पटलं. वही नसेल तर माझी हरकत नाही.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, घरात गडबड चालू आहे.

ठरलं ते असं. लहान्याला रोज सकाळी वाटा. लेकीला एकदम, पण पैसे खोलीत माझ्याकडे, रोज लागतील तेवढे ती मागून घेणार. कार्ड नाही. उचल फक्त तिला, एकदा. काकू, झुल्याची दुसरी फेरी मुलांच्या पैशाने, मधल्या वेळचा खाऊ आमचा, असं मिटवलं. आणि नवऱ्याने आपण होऊन स्वतःसाठीही एक पाकीट मागितलं. मागच्या सहलीत त्याने घेतलेल्या तीन टोप्या अजून कपाटात आहेत, त्याबद्दल मी काही बोलले नव्हते, पण मुलं बोलली.

काल लेकीला मागचं देणं दिलं. म्हटलं, बाबांनी तेव्हा भावाला दिले, तुला द्यायला हवे होते, आमचं चुकलं. तिने शांतपणे मोजले. मग विचारलं, "हे सहलीत खर्चच करायचे का?" म्हटलं, तुझे आहेत. ती ते घेऊन खोलीत गेली आणि जुन्या फोटोंत त्या पेटीचं दुकान कुठे दिसतंय का ते शोधत बसली.

चिरंजीव हे सगळं जमिनीवर पडून ऐकत होते. रोजच्या वाट्याचा नियम त्यांना दोनदा समजावून सांगितला. कळलं का, विचारलं. म्हणाले, "हो. पण चौथ्या दिवशी बाबा देतात ना?"

नवरा परत भाजी चिरायला गेला.