मदत हवी आहे: यूएपीएच्या कच्च्या कैद्याला चष्मा कसा पोहोचवायचा?

शेजारच्या काकूंचा मुलगा यूएपीएखाली (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा) कच्चा कैदी आहे. अजून आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नाही. त्याचा चष्मा फुटला; पोस्टाने पाठवलेला नवा तुरुंगातून परत आला, पाकिटावर नुसता ‘नाकारले’ असा शिक्का. हजारो पानांचं आरोपपत्र त्याने वाचायचं कसं? २०२० साली तळोजा तुरुंगात एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, कार्यकर्ते गौतम नवलखांचं असंच झालं, तेव्हा हायकोर्टाने तुरुंग प्रशासनाचे कान टोचले होते. त्याच प्रकरणातल्या, कंपवात असलेल्या वृद्ध फादर स्टॅन स्वामींना तर स्ट्रॉ-सिपरसाठी कोर्टात जावं लागलं. आम्ही अर्ज अधीक्षकांकडे करायचा की थेट विशेष कोर्टात?

दुसरं, यूएपीएतलं जामीन अवघड करणारं कलम ४३-ड (५) आडवं येत असताना, खटला फार रखडला तर तरीही जामीन देता येतो असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या २०२१च्या के. ए. नजीब निकालावर कुणाला जामीन मिळालाय का? काकूंना फी झेपत नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडून अशा केसला अनुभवी वकील मिळतो का?