समुद्रात गळ टाकायला जायचंय, कोणते दिवस धरावेत?

गोदाकाठचा (परभणी)

रामराम मंडळी. आम्ही पाच जण येलदरी, सिद्धेश्वर अन् नाथसागरावर गळ टाकणारे. या वर्षी दापोलीकडं हर्णै-आंजर्ले पट्ट्यात होडी भाड्यानं करून किनाऱ्यापासून पाच-सहा किलोमीटरच्या आत मासे धरायचा बेत आहे. दिवाळी ते संक्रांत या काळात तीन फेऱ्या, दर फेरीला दोन सकाळी. पहिल्या फेरीसाठी भाऊबीज आणि तिच्या दुसऱ्या दिवसाची होडी मिळतेय, तांडेल (होडी चालवणारा) म्हणतो अ‍ॅडव्हान्स टाका.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दिवस बरोबर आहेत का? आमच्या आठ फुटी काठ्या, ०.५० मिलिमीटरचं तंगूस (नायलॉनचा धागा), कणीक आणि गांडूळ तिथं चालतील का? आणि मासा परभणीपर्यंत चांगला कसा आणायचा? वाटेतले थांबे धरून चौदा तास तरी लागतात.

कोकणचा जावई (अंबाजोगाई)

अ‍ॅडव्हान्स थांबवा. तलावावर रविवार बघून जाता येतं, समुद्रावर तिथी बघावी लागते.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण पाण्याची सर्वांत जास्त चढउतार त्यानंतर एक-दोन दिवसांनी होते, म्हणजे नेमकी द्वितीयेच्या आसपास. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, भाऊबीज द्वितीयेची. महिन्यातल्या सगळ्यात जोराच्या पाण्याचे दिवस तुम्ही निवडलेत. अष्टमीला भांग असतो, तेव्हा चढउतार सर्वांत कमी. तोही एखादा दिवस मागं पडतो, म्हणून सर्वांत मंद पाणी नवमी-दशमीला मिळतं. शुद्ध असो की वद्य, दोन्ही पक्षांत हाच हिशेब.

भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा: तिथीचा आकडा गुणिले पाऊण, जे येईल ते पूर्ण भरतीचे वाजले. अष्टमी म्हणजे सहा, दशमी म्हणजे साडेसात. त्यानंतर सहा तासांच्या थोडं वर पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि भरती दक्षिणेकडून वर सरकत येत असल्यानं हर्णैला ती मुंबईच्या थोडी आधी लागते. दिवस ठरवायला हा आडाखा पुरतो, निघायची वेळ मात्र भरतीचं कोष्टक बघूनच ठरवा.

आता भाऊबीजेला हाच हिशेब लावा. दोन गुणिले पाऊण, दीड. रात्री दीडला भरती, सकाळी साडेसात-आठला पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची, म्हणजे पाणी महिन्यातलं सर्वांत खाली. आंजर्ल्यासारख्या खाडीतून सुटणारी होडी असेल तर मुखाशी वाळूचा दांडा उघडा पडलेला असतो. पाणी चढून होडी बाहेर पडेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात. दिवाळीनंतर सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, समुद्र तेलासारखा सपाट. साडेदहा-अकरानंतर वायव्येकडून वारा उठतो, दुपारी पाणी फुटायला लागतं. तुमच्या हाती जेमतेम दीड तास राहील, तोही धावत्या पाण्यात.

नवमीला पावणेसातला भरती. साडेपाचला निघायचं, भरलेल्या पाण्यावरून दांडा ओलांडायचा, सहाला होडी पाण्याखालच्या खडकावर, मासा तिथंच असतो. पाणी चढता चढता थबकतं आणि मग उतरायला लागतं, त्या बदलाच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तास मासा सगळ्यात जास्त खातो. भांगाची ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळं अकराला परतताना दांड्यावर होडीपुरतं पाणी असतं.

मांजराकाठ (लातूर)

सामानाचं मी सांगतो.

कणीक घरी ठेवा. खडकावरचा मासा मांसाहारी आहे, रोहू-मृगळाची सवय इथं उपयोगाची नाही. आमिष म्हणून सालीसकट कोळंबी, म्हाकुळाची बोटभर लांब पट्टी, नाहीतर बांगड्याचा कातडीसकट तिरपा कापलेला तुकडा. म्हाकूळ चिवट असतं, बारके मासे टोचून गेले तरी गळावर टिकतं. पाच जणांना एका सकाळी दोन किलो आमिष पुरतं. आणि हो, तिकडं गळाला गरी म्हणतात, गळ टाकण्याला गरवणं. दुकानात गरी मागा.

आठ फुटी लवचिक काठी होडीत अडचणीची, शेजाऱ्याच्या डोक्यात जाते. साडेसहा ते सात फुटी, खाली जाड आणि ताठ अशी घ्या. रीळ ४००० किंवा ५००० आकाराचं. तंगूसापेक्षा ३० पाउंडाची, म्हणजे तेवढा ताण सोसणारी, विणलेली दोरी बरी. एक म्हणजे ती बारीक, पाणी तिला कमी ओढतं. दुसरं म्हणजे तंगूस ताणलं की लांबतं, १५ मीटर खोलीवर माशानं टोचलेलं हाताला उशिरा कळतं, तोवर आमिष गेलेलं असतं. शिशाचा फरक बघा: भांगाला एवढ्या खोलीवर ६० ते ८० ग्रॅमचं शिसं तळाला बसतं, उधाणाला १५० लावलं तरी वाहून शेजाऱ्याच्या दोरीत अडकतं.

जोडणी अशी. विणलेल्या दोरीच्या टोकाला भोवरकडी, तिच्याखाली सव्वा मीटर जाड तंगूस, ५० ते ६० पाउंडाचं. त्यावर ४० सेंटिमीटरच्या अंतरानं दोन फाटे काढायचे, प्रत्येक फाटा वीतभरच. जास्त लांब ठेवला की मूळ दोरीलाच पिळा घालतो. फाट्यांना ३/० ते ५/० नंबरचे गळ. सर्वांत खाली शिसं, पण ते बांधायचं २० पाउंडाच्या कच्च्या तंगूसानं. खडकात नव्वद टक्के वेळा शिसंच अडकतं. कच्चा धागा तुटला की फक्त शिसं जातं, गळ आणि त्याला लागलेला मासा वर येतो. माणशी पंधरा शिशं धरा. कमी नेली की आठ वाजता हात जोडून बसावं लागतं.

रिळाचा ब्रेक अंदाजानं लावू नका. भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवा, काठी वाकवून ओढा आणि साडेचार किलोला रीळ सुटेल असं करा. ३० पाउंडाच्या दोरीचा हा तिसरा हिस्सा होतो. हेकरू गळाला लागला की पहिल्या दोन मीटरांत खडकाच्या कपारीत शिरतो, तेवढी ओढ त्याला द्यायचीच नाही. शिरलाच तर खेचत बसू नका, दोरी पूर्ण ढिली सोडून दोन-तीन मिनिटं थांबा. बऱ्याचदा तो आपणहून बाहेर येतो.

सुरमईसाठी वेगळी काठी. तिचे दात तंगूस कापतात, म्हणून पुढं ३० सेंटिमीटर पोलादी तार लावा. होडी ताशी ७ ते ९ किलोमीटर चालवत १२-१५ सेंटिमीटरचा बनावट मासा ३० मीटर मागं ओढायचा. हे खडकावर जाताना-येताना करा, त्यासाठी वेगळा वेळ घालवू नका.

खाडीवाला (मूळ गुहागर, मुक्काम नांदेड)

जावईबापू, भांगाचा एवढा आग्रह कशाला? खडकावरच्या तांबोशी-हेकरूला तो ठीक. जिताडा आणि रावस हे खाडीच्या तोंडाशी धावत्या पाण्यातच मिळतात. उतरत्या पाण्याबरोबर खाडीतली कोळंबी नि बोयटं बाहेर येतात, जिताडा खडकाच्या आडोशाला तोंड वासून उभा असतो. मेलेल्या पाण्यात तो हलत नाही. उधाणाच्या आधीचे दोन-तीन दिवस, द्वादशी ते चतुर्दशी, पाण्याला ओढ असते पण ते फार गढूळ झालेलं नसतं. तिन्ही फेऱ्या भांगाला केल्यात तर जिताडा बघायलाही मिळणार नाही.

कोकणचा जावई (अंबाजोगाई)

खाडीवाले, मासा तुमचा बरोबर, पाहुणे चुकीचे. वाहत्या पाण्यात नांगरलेल्या होडीवर पाच नवखी माणसं म्हणजे पाच दोऱ्यांची एक वेणी. शिवाय ओहोटीचं पाणी बाहेर जात असताना समोरून वायव्येचा वारा आला की दांड्यावर लाटा आखूड आणि उभ्या होतात. तिथं होडी आडवी झाली तर आवरत नाही. पहिल्या दोन फेऱ्या भांगाला, तिसरी द्वादशी-त्रयोदशीला, असं करा म्हणजे दोघांचंही समाधान.

नांगराचंही सांगून ठेवतो, कारण भाड्याच्या होडीवर निम्मा वेळ तिथंच जातो. १२ मीटर पाण्यात किमान ४० मीटर दोर सोडावा लागतो, आखूड सोडला की नांगर घसरतो आणि होडी खडकावरून बाजूला जाते. खडकात नांगर रुतू नये म्हणून साखळी त्याच्या बुडाला पक्की बांधतात आणि वरच्या कडीला नुसत्या सुतळीनं. अडकला तर जोरात ओढल्यावर सुतळी तुटते आणि नांगर उलटा, बुडाकडून निघतो. तांडेलाला फोनवर विचारा, नांगर असा बांधतोस का? उत्तरावरून माणूस कळतो.

गोदाकाठचा (परभणी)

लई बारकाईनं सांगितलंत, भाऊबीज रद्द. तांडेलाला आणखी काय विचारावं? आमच्यातल्या दोघांना घाटात गाडी लागते, त्यांना बोट लागेल का?

कोकणचा जावई (अंबाजोगाई)

लागेल असं धरूनच चला. मळमळीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली पोटात राहत नाही. इंजिनाच्या धुरापासून लांब, होडीच्या मध्यावर बसायचं, नजर किनाऱ्याच्या डोंगरावर. खाली मान घालून गळ बांधत बसलं की हमखास होतं, म्हणून सगळ्या जोडण्या आदल्या रात्री खोलीवर करून पुठ्ठ्याला गुंडाळून ठेवा. उपाशीपोटीही जाऊ नका, कोरडी भाकरी नाहीतर दशमी खाऊन निघा.

तांडेलाला पहिला प्रश्न परवान्याचा. मासेमारीची नोंद असलेल्या होडीला प्रवासी नेता येतातच असं नाही, प्रवाशांसाठीचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाचा लागतो. माणशी एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घालायचं, बुडाखाली घ्यायचं नाही. भाड्यात डिझेल, आमिष, बर्फ धरलंय का? वारा उठून लवकर परतलो तर पैशाचं काय? आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा. लाट एक मीटरच्या वर दाखवत असेल तर वीस-बावीस फुटी होडीनं जाऊ नका, तांडेल चला म्हणाला तरी. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४, पाचही मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

मांजराकाठ (लातूर)

एक राहिलं. आपल्याकडच्या शिंगट्याचा काटा टोचलेला सगळ्यांना माहीत असतो. समुद्रातला शिंगाळा त्याच्या दुप्पट, आणि पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून वाईट. हातानं धरू नका, होडीच्या काठाबाहेरच तंगूस कापून सोडून द्या. टोचलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचं, ४५ अंशांच्या आसपास. या विषाचा जोर उष्णतेनं कमी होतो, बर्फानं नाही. एक थर्मास गरम पाणी सोबत ठेवा. मग दवाखाना.

बर्फवाला (जालना)

तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मासा बाजारात नाही, होडीत खराब होतो.

वर आला की लगेच कल्ल्यामागची शीर कापून रक्त जाऊ द्या, पाच मिनिटं. मग दोन भाग बर्फ, एक भाग समुद्राचं पाणी अशा गाळात बुडवा. नुसत्या बर्फाच्या ढेकळांपेक्षा हा गाळ माशाला चारी बाजूंनी चिकटतो आणि फार लवकर गार करतो. किनाऱ्यावर आल्यावर पोट साफ करा, कल्ले काढा, पोटात बर्फ भरा.

परतीसाठी एका किलो माशाला दीड किलो बारीक फोडलेला बर्फ. तळाला चार बोटं बर्फ, मासा पोट खाली करून, पुन्हा बर्फ. पेटीचं खालचं भोक उघडं ठेवा. वितळलेल्या गोड्या पाण्यात बुडून राहिलेला मासा पांढरा पडतो, मऊ होतो. थर्मोकोलची पेटी रात्रीच्या प्रवासाला पुरते, मात्र डिकीत पोत्यानं झाकून ठेवा. दिवसा निघणार असाल तर निम्म्या वाटेवर बर्फ बदला.

बांगडा आणि सुरमईच्या बाबतीत जास्त जपा. हे मासे दोन-चार तास उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. कितीही शिजवलं तरी ते जात नाही, आणि वासावरून कळेलच असं नाही.

गोदाकाठचा (परभणी)

ठरलं मग, कार्तिक शुद्ध नवमी-दशमी. दशमीला अकराला होडीतून उतरायचं, संध्याकाळी निघायचं, सकाळी परभणी.

बर्फवाला (जालना)

सकाळी म्हणजे कार्तिकी एकादशीला! पाचांपैकी कुणाच्या घरात त्या दिवशी मासा उंबऱ्याच्या आत घेतील ते आधी विचारा. द्वादशीचं पारणं फिटेपर्यंत मासा बर्फातच ठेवायचा असेल तर किलोमागं दीडऐवजी अडीच किलो बर्फ धरा आणि सकाळ-संध्याकाळ भर घाला.

गोदाकाठचा (परभणी)

हे ध्यानातच आलं नाही राव. अष्टमी-नवमी करतो. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे पहिल्या दिवशी पावणेपाचला होडीत. तांडेलाला आत्ताच फोन लावतो.