धर्मयुद्ध, क्रुसेड आणि जिहाद

प्रश्न

पश्चिम आशियावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘क्रुसेड’ आणि ‘जिहाद’ एकाच वाक्यात येतात आणि दोन्हींना मला ‘धर्मयुद्ध’ हाच शब्द सुचतो. तसं लिहिलं तर वाक्यच उरत नाही. काय करावं? शिवाय, जिद्द आणि जिहाद एकाच धातूचे का?

उत्तर

जिद्दीचं आधी सांगतो. त्यांचं नातं नाही. ‘जिद्द’ ज्या अरबी शब्दावरून आली त्याचा अर्थ विरोध, उलट बाजू. ‘जिहाद’चा धातू वेगळा, ज-ह-द, म्हणजे कसून प्रयत्न करणं. मुजाहिद (जिहाद करणारा) आणि इज्तिहाद (धर्मकायद्याचा स्वतः कसून अर्थ लावणं) हे त्याचे सख्खे.

आता धर्मयुद्ध. भीष्मपर्वाच्या सुरुवातीला दोन्ही सैन्यं नियम ठरवतात: रथीने रथीशीच लढावं, पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र गळालेल्यावर वार करू नये, सारथ्याला आणि शंख वाजवणाऱ्याला मारू नये. त्या नियमांनी लढलेलं ते धर्मयुद्ध, आणि त्याच्या विरुद्ध कूटयुद्ध, म्हणजे कपटाची लढाई. (नियम पुढे मोडले गेले, पण मोडले म्हणून बोल लागला तो त्या नियमांमुळेच.) कौरव-पांडवांचा धर्म एकच होता. तेव्हा एका धर्माने दुसऱ्या धर्माशी केलेली लढाई हा अर्थ या शब्दात मुळात नाही.

क्रुसेडमध्ये तो आहे. 1095 मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला पोप दुसरा अर्बन याने हाक दिली, लोकांनी कपड्यांवर क्रूस शिवले आणि 1099 च्या जुलैत मुस्लिमांकडून जेरुसलेम घेऊन तिथे मोठी कत्तल केली. स्वतःला ते यात्रेकरू म्हणवत. क्रुसावरून पडलेलं हे नाव नंतर रुळलं. इंग्रजीत मात्र ते पुढे इतकं सैल झालं की कुठल्याही चांगल्या कामाच्या मोहिमेला चालू लागलं. 6 जून 1944 ला नॉर्मंडीवर उतरणाऱ्या सैनिकांना दोस्त फौजांचे सेनापती आयझेनहॉवर यांनी दिलेल्या संदेशातही क्रुसेड आहे, आणि ती लढाई नाझींशी होती.

आणि इथेच घात झाला. 16 सप्टेंबर 2001 ला जॉर्ज बुश दहशतवादाविरुद्धच्या लढ्याला ‘क्रुसेड’ म्हणाले. अमेरिकी कानाला ती मोहीम वाटली असेल, पण कैरो-दमास्कसमध्ये ऐकू आला तो 1099 चा क्रूस. व्हाइट हाउसला लगेच खेद व्यक्त करावा लागला. बिन लादेनच्या गटाने तर 1998 मध्येच आपली आघाडी ‘ज्यू आणि क्रुसेडर’ यांच्याविरुद्ध जाहीर केली होती. त्याला हवा असलेला शब्द बुश यांनी आयता हातात दिला.

जिहादबद्दल दोन्हीकडून अर्धवट सांगितलं जातं. ‘तो फक्त मनातल्या वाईटाशी झगडा’ हे खरं नाही. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राच्या, जुन्या ग्रंथांत जिहादचं प्रकरण युद्धाचंच आहे. ‘दिसेल त्या काफिराला मारणं’ हेही खरं नाही, कारण त्याच प्रकरणांत बायका, मुलं यांना मारू नये असे नियम आहेत. आत्मघाती बॉम्बवाल्याच्या कृत्याला जिहाद म्हणायचं की नाही, हा वाद मुस्लिम समाजातच जोरात आहे. अनुवादकाने तो एका प्रतिशब्दाने परस्पर निकालात काढू नये. 1980 च्या दशकात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांशी लढणारे मुजाहिद अमेरिकेला चालत होते, रीगन यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं होतं, हेही विसरू नये.

म्हणून माझं मत: क्रुसेड क्रुसेडच ठेवा, जिहाद जिहादच ठेवा. दोन्ही शब्द मराठी वाचकाला माहीत आहेत.

आणखी एक मत

पटलं, पण पूर्ण नाही. आज ‘धर्म’ म्हटलं की लोकांना रिलिजनच कळतो. धर्मयुद्धाचा अर्थ बदलून गेला, आता भीष्मपर्व दाखवून तो मागे नेता येणार नाही.

उत्तर

बोलण्यातला बदल मला मान्य आहे. पण नियमाने लढण्यासाठी मराठीकडे दुसरा शब्द कुठे आहे? तो गेला तर शस्त्र टाकलेल्याला मारणं हा अधर्म, हे एका शब्दात सांगायची सोय जाते. ती मला सोडवत नाही.

क्रुसेडसाठीचा ‘सलीबी युद्धं’ (सलीब म्हणजे क्रूस) हा अरबी शब्दप्रयोगही जुना नव्हे, तो एकोणिसाव्या शतकात युरोपीय लेखनावरून आला. त्या काळचे अरब इतिहासकार चालून आलेल्यांना ‘इफ्रंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक लोक. तोच शब्द फारसीतून आपल्याकडे आला, ‘फिरंगी’ झाला आणि वसई-गोव्याच्या पोर्तुगिजांना चिकटला. त्यांच्याकडून आलेली सरळ पात्याची तलवार ती फिरंग. लेखात क्रुसेडरांशी लढलेल्या सुलतान सलाहुद्दीनच्या काळातलं अरबी अवतरण असेल तर तिथे ‘क्रुसेडर’ न लिहिता सरळ ‘फिरंगी’ लिहा.