काकडी स्वतःच तयार केलेले क जीवनसत्त्व का मोडते?

परसबाग : अकरावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना अडलो आहे. क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, वनस्पतीचे ऑक्सिडीभवनापासून रक्षण करते असे आम्ही वाचले. पण काकडी आणि भोपळ्यात याच आम्लाचे ऑक्सिडीभवन करणारे ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे विकर भरपूर असते. एका हाताने कमवायचे आणि दुसऱ्या हाताने उधळायचे, असा हा कारभार कशासाठी? हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करणारे विकर हेच का? शिवाय कोशिंबिरीत काकडीमुळे टोमॅटोतले क जीवनसत्त्व वाया जाते का?

पेशीभित्तिका : पेरॉक्साइड नष्ट करणारे ते ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज; त्यात लोह असते आणि त्याचे काम मुख्यतः पेशीच्या आत, विशेषतः हरितलवकात चालते. आपले ऑक्सिडेज तांब्याचे आहे (शुद्ध स्वरूपात ते चक्क निळे दिसते), ते थेट हवेतला ऑक्सिजन वापरून त्याचे पाणी करते आणि वाटेत पेरॉक्साइड तयार होऊ देत नाही. ते मुख्यतः पेशीपटलाच्या बाहेर, पेशीभित्तिकेत असते, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या जागेतच आहे. पानातल्या क जीवनसत्त्वाचा लहानसा हिस्साच तिथे असतो, त्यामुळे आतला मोठा साठा उधळला जात नाही. शिवाय बाहेर तयार झालेले डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीभूत रूप, पेशी आत ओढून घेते आणि ग्लुटाथायोन या पेशीतल्याच एका संयुगाच्या मदतीने त्याचे पुन्हा ॲस्कॉर्बिक आम्ल करते.

मग हा खटाटोप कशाला? वेगाने वाढणाऱ्या भागांत हे विकर जास्त आढळते, म्हणून त्याचा संबंध पेशी लांबण्याशी जोडला जातो. तंबाखूवरील प्रयोग मला अधिक बोलके वाटतात. काकडीचा जनुक घालून हे विकर वाढवले, तेव्हा भित्तिकेतले जवळजवळ सगळे ॲस्कॉर्बिक आम्ल ऑक्सिडीभूत झाले आणि झाडे ओझोनला अधिक बळी पडली. उलट विकर कमी केलेल्या झाडांनी खारट परिस्थितीत अधिक बी धरले. म्हणजे बाहेरचे वातावरण किती ऑक्सिडीभूत आहे याची खबर आतल्या पेशीला या समतोलातून मिळते, आणि तो समतोल हे विकर ठरवते, असे मी मानतो.

प्रयोगवही : मुलीला हे घरी दाखवता येईल. क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवून ते पाणी दोन पेल्यांत सारखे वाटा. एकात काकडीच्या सालीचा ताजा रस घाला, दुसऱ्यात तोच रस उकळून, गार करून, तेवढाच घाला. अर्ध्या तासाने दोन्हींत थोडी भाताची पेज मिसळून टिंक्चर आयोडीन थेंबथेंब सोडा. क जीवनसत्त्व शिल्लक असेपर्यंत निळा रंग टिकत नाही, त्यामुळे ताज्या रसाच्या पेल्यात तो कमी थेंबांत टिकायला हवा. उकळल्याने विकर निकामी होते, म्हणून दुसरा पेला अवश्य ठेवा.

परसबाग : आभारी आहे, रविवारी करून पाहतो. कोशिंबिरीचे मात्र राहिले.

पेशीभित्तिका : चिरल्यावर पेशी फुटतात आणि विकर व जीवनसत्त्व एकत्र येतात, त्यामुळे थोडी घट होते. डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्लाचे शरीर पुन्हा ॲस्कॉर्बिक आम्ल करू शकते; ते आणखी विघटित झाले की मात्र काही उरत नाही. म्हणून कोशिंबीर जेवायला बसतानाच करावी आणि लिंबू आधी पिळावे, कारण फार आंबट माध्यमात हे विकर मंदावते.