अध्यादेश, जीआर की अधिसूचना?

प्रश्न : बातम्यांत एकाच कागदाला सकाळी ‘अध्यादेश’ म्हणतात आणि संध्याकाळी ‘जीआर’. हे समानार्थी शब्द आहेत का?

प्रतिसाद : अजिबात नाहीत. अध्यादेश म्हणजेच वटहुकूम. राज्यात तो राज्यघटनेच्या अनुच्छेद 213 खाली राज्यपाल काढतात, केंद्रात अनुच्छेद 123 खाली राष्ट्रपती. दोन्ही सभागृहांचं अधिवेशन चालू असताना तो काढता येत नाही. त्याला कायद्याचंच बळ असतं, पण आयुष्य तोकडं. विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो आपोआप संपतो.

जीआर म्हणजे शासन निर्णय. एखादा विभाग आपल्या अधिकारात तो काढतो आणि सरकार तो कधीही फिरवू शकतं. पहिलीपासून तिसरी भाषा हिंदी, याबद्दलचे 16 एप्रिल आणि 17 जून 2025 चे निर्णय रद्द करत असल्याचं सरकारने 29 जूनला जाहीर केलं. त्यासाठी विधिमंडळात मतदान लागलं नाही. ते अध्यादेश नव्हतेच.

प्रतिसाद : गोंधळाचं मूळ जीआरच्या शेवटच्या ओळीत आहे : ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’. ती वाचून राज्यपालांनीच आदेश काढला असं वाटतं. प्रत्यक्षात अनुच्छेद 166 नुसार सरकारचा सगळा कारभारच राज्यपालांच्या नावाने चालतो, सही मात्र उपसचिव, अवर सचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची असते. कागद हातात आला की आधी मथळा बघा, मग संकेतांक. शासनाच्या संकेतस्थळावरच्या जीआरच्या संकेतांकाचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर खरा की बनावट, हे त्या संकेतांकावरून शोधून ताडता येतं.

प्रश्न : मग मराठा आरक्षणातल्या ‘सगेसोयरे’चं, म्हणजे कुणबी नोंद सापडलेल्यांच्या नातलगांनाही कुणबी दाखला देण्याचं, काय होतं?

प्रतिसाद : ती अधिसूचना, आणि तीही मसुदाच. अधिसूचना एखाद्या कायद्याने दिलेल्या अधिकारात निघते आणि राजपत्रात छापली जाते. जानेवारी 2024 मध्ये जात प्रमाणपत्राच्या 2012 च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा प्रसिद्ध झाला, हरकतींसाठी 16 फेब्रुवारीपर्यंत मुदत होती. हरकती तपासून अंतिम अधिसूचना निघेपर्यंत मसुद्याने नियम बदलत नाही. ‘अध्यादेश निघाला’ असं छापलं की लोक दुसऱ्याच दिवशी दाखला मागायला तहसील कार्यालयात जातात आणि हात हलवत परततात. म्हणून हा शब्द जपून वापरायला हवा.

प्रतिसाद : एक पुरवणी. ‘गॅझेट’ आणि ‘गॅझेटियर’ही वेगळे. गॅझेट म्हणजे राजपत्र. गॅझेटियर म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा ग्रंथ, शासकीय मराठीत ‘दर्शनिका’. ‘हैदराबाद गॅझेट लागू करा’ या मराठा आरक्षणाच्या मागणीत राजपत्र नव्हे, जुन्या हैदराबाद संस्थानच्या गॅझेटियरमधल्या नोंदी अभिप्रेत आहेत. त्या विचारात घेण्याची कार्यपद्धती 2 सप्टेंबर 2025 ला ठरली, तीही जीआरनेच.