४ए-जीई खोललंय : पिस्टन आधी मागवू की ब्लॉक आधी मशीनवर देऊ?

सातरिब

नमस्कार मंडळी. टोयोटाच्या एई८६ गाडीमध्ये बसवण्यासाठी छोट्या पोर्टचं (हेडमधल्या हवेच्या वाटा अरुंद असलेलं) ४ए-जीई इंजिन मिळालंय. सात रिबांचा ब्लॉक, ४२ मिलिमीटरचे रॉड जर्नल (क्रँकवर रॉड बसतात त्या जागा), मूळ कॉम्प्रेशन १०.३. सगळं खोलून झालंय. बोअर गेज (आतला व्यास मोजायचं यंत्र) लावला तर तिसऱ्या सिलिंडरला वरची रिंग फिरते तिथे ८१.०७ आणि खाली ८१.०२ भरतंय. बाकीचे तिन्ही ८१.०४ च्या आत आहेत. क्रँकवर नख अडकेल अशी एकही रेघ नाही. हेडमध्ये दोन एक्झॉस्ट गाईड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) ढिल्या झाल्यात.

डोक्यात आहे ते असं : फोर्ज्ड पिस्टन, कॉम्प्रेशन ११ च्या आसपास, २७२ अंशांचे कॅम, रेडलाईन ८२५० आरपीएम. टर्बो नाही, पुढेही लावणार नाही. गाडी रस्त्यावर चालेल, पण बांधतोय ती ट्रॅकसाठी. कनेक्टिंग रॉड कंपनीचेच ठेवायचे आणि बोल्ट एआरपी कंपनीचे घालायचे.

अडलंय ते क्रमापाशी. पिस्टनची ऑर्डर टाकून ते येईपर्यंत ब्लॉक ८१.५ ला बोअर करून ठेवला तर वेळ वाचेल का? लाईन होनिंग (क्रँकच्या मेन बेअरिंगच्या जागा दगडाने घासून एका रेषेत आणणं) करावंच लागतं का? हेड किती घासून घेऊ? घाई मुळीच नाही. हे इंजिन नीटच बांधायचंय.

होनिंगवाला

बोअर करून ठेवू नका. पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉकला कटर लावू द्यायचा नाही. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी चालेल, हे नाही.

डब्यावर ८१.५ छापलेलं असतं, पण पिस्टन ८१.५ चा नसतो. स्कर्टवर मायक्रोमीटर लावला की तो ८१.४२, ८१.४५ असा काहीतरी भरतो, कारण बहुतेक कंपन्या क्लिअरन्स पिस्टनमध्येच धरतात. मोजायचा कुठे तेही ठरलेलं असतं. सोबतच्या कार्डावर गेज पॉइंट दिलेला असतो : स्कर्टच्या खालच्या कडेपासून इतके मिलिमीटर वर, पिनला काटकोनात. तिथून थोडं वरखाली सरकलात तरी आकडा बदलतो, कारण स्कर्ट सरळ नळीसारखा नसून किंचित फुगीर घडवलेला असतो. चारही पिस्टन मोजा, त्यांना सिलिंडरचे क्रमांक द्या आणि ब्लॉकबरोबर मशीनशॉपमध्ये ठेवा. तोंडी 'साडेएक्क्याऐंशी करा' म्हणू नका. कागदावर लिहून द्या : एक नंबरचा पिस्टन इतका, क्लिअरन्स इतका, म्हणून बोअर इतका. असंच चारही सिलिंडरचं.

क्लिअरन्स पिस्टनच्या धातूवर ठरतो. ४०३२ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास असतं, तो कमी फुगतो आणि ०.०५ च्या आसपासच्या क्लिअरन्सवरही चालतो. २६१८ मध्ये सिलिकॉन नावापुरतं असतं. तो डिटोनेशनचा (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याचा) मार जास्त सोसतो, पण तापला की जास्त फुगतो, म्हणून जागा जास्त मागतो आणि थंड असताना खडखडतो. तुमचं इंजिन टर्बोशिवायचं, रस्त्यावरही फिरणारं. मी डोळे झाकून ४०३२ घेईन. पण आकडा कार्डावरचाच धरायचा, माझा नाही.

आता ऑर्डर कधी टाकायची ते. ब्लॉक आधी धुऊन घ्या, सगळे गॅलरी प्लग (तेलाच्या वाटांची बुचं) काढून. पिस्टनखालचे ऑइल जेट काढलेत ना? ते राहिले तर धुताना आणि होनिंगमध्ये त्यांच्यात कचरा बसतो. मग मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट. लोखंडी ब्लॉक आहे, तडा असला तर दिसतो. त्यात पास झाला की पुन्हा मोजा : प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. चारही सिलिंडर पूर्ण साफ होतील असं सगळ्यात लहान ओव्हरसाईज निवडायचं आणि त्या दिवशी ऑर्डर टाकायची. सीसी वाढवायला म्हणून मोठा बोअर करू नका. ८१ ला हे इंजिन १५८७ सीसी आहे, ८१.५ ला १६०७ होतं. त्या वीस सीसीने गाडी पळत नाही. बोअरिंग करायचं ते तिसरा सिलिंडर पुन्हा गोल आणि सरळ व्हावा म्हणून. आज वाचवलेली भिंत पुढच्या खेपेला उपयोगी पडते.

बोअरचं होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावूनच करून घ्या, त्यासाठी मशीनशॉप बदलावं लागलं तरी बदला. हेडचे बोल्ट आवळले की बोल्टाशेजारची भिंत ओढली जाते आणि गोल बोअर गोल राहत नाही. प्लेटमुळे तो ताण होनिंगच्या वेळीच आलेला असतो. प्लेटखाली गॅस्केट तुम्ही वापरणार तसलंच हवं आणि बोल्ट किंवा स्टडही तेच. आणि रिंगा कोणत्या धातूच्या आहेत ते होनिंग करणाऱ्याला आधी सांगा, दगड त्यावर ठरतो.

लाईन होनिंग सरसकट करायचं नसतं. मेन कॅप आवळून बेअरिंगशिवाय पाचही जागा बोअर गेजने मोजा. गोल आणि एका रेषेत असतील तर हात लावू नका. मेन बोल्टांऐवजी स्टड टाकणार असाल तर मात्र स्टड आवळून पुन्हा मोजावंच लागेल, ताण बदलला की कॅपचा आकार बदलतो.

क्रँकला फक्त पॉलिश. माप बसत असताना ग्राइंडिंग कशाला? बेअरिंग क्लिअरन्सचा ढोबळ हिशेब जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग : रॉडला ४२ चा जर्नल म्हणजे ०.०४२, मेनला ४८ म्हणजे ०.०४८ च्या आसपास. मोजताना बेअरिंग बसवून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून, बोअर गेजने. प्लास्टिगेज (बेअरिंगमध्ये दाबून क्लिअरन्स मोजायचा मऊ धागा) पडताळणीपुरता ठीक आहे, निर्णय त्यावर घेऊ नका.

टॉर्कपाना

वरच्या सगळ्याशी सहमत. रॉडचं मी सांगतो.

सात रिबांच्या इंजिनातले रॉड चांगले आहेत, तुमच्या बेतात खपून जातील. पण बोल्ट बदलायचे तर ते आधी रॉडमध्ये बसवा, आवळा आणि मग मोठ्या टोकाचं माप घ्या. नव्या बोल्टाचा ताण वेगळा असतो, भोक अंडाकृती होतं, म्हणून बहुतेक वेळा रॉड रीसाईज करावाच लागतो. काही जण बोल्ट अगदी शेवटी, इंजिन बांधताना घालतात आणि बेअरिंग क्लिअरन्स का जुळत नाही म्हणून शोधत बसतात.

८२५० ला सरासरी पिस्टन स्पीड २१ मीटर प्रतिसेकंद होते. तीही कमी नाही, पण रॉडच्या बोल्टाला खरा त्रास टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे) पिस्टन ओढून परत आणण्याचा असतो, आणि तो जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७५०० वरून ८२५० म्हणजे आरपीएम दहा टक्के जास्त, पण बोल्टावरचा ओढा २१ टक्के जास्त. म्हणून बोल्ट टॉर्क पान्यावर न सोडता लांबी मोजून आवळा. आधी मोकळ्या बोल्टाची लांबी लिहून ठेवा. आवळल्यावर तो किती ताणला हे स्ट्रेच गेज सांगतो. टॉर्कचा आकडा ल्युब्रिकंट बदललं तरी हलतो.

शिम_मोजा

हेड घासायला घाई करू नका. आधी प्रेशर टेस्ट, मग गाईड, मग सीट. सीटचं कटिंग गाईडमध्ये पायलट (कटर सरळ धरणारी सळई) घालूनच होतं, त्यामुळे ढिल्या गाईडवर कापलेली सीट वाया जाते.

या हेडला शिम (क्लिअरन्स जुळवायची चकती) बकेटच्या (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या वाटीच्या) वर बसते. सीट कापली की व्हॉल्व्ह आत जातो, त्याचं टोक वर येतं आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स कमी होतो. सगळं झाल्यावर पातळ शिमा लागतील, ते धरून चाला. कॅमचा लिफ्ट जास्त असेल तर वरची शिम जास्त आरपीएमला निसटू शकते. तेव्हा बकेटच्या खाली शिम असलेला किट घ्या आणि स्प्रिंगही त्या लिफ्टच्या. स्प्रिंग पूर्ण दाबली तर कॉइलला कॉइल भिडत नाही ना, ते एका व्हॉल्व्हवर प्रत्यक्ष दाबून बघा.

हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतात आणि बेल्टमुळे टायमिंग थोडं मागे पडतं. ॲडजस्टेबल कॅम पुली यादीत लिहा.

सातरिब

खूप खूप आभार. पिस्टनची ऑर्डर थांबवली, ब्लॉक उद्याच क्रॅक टेस्टला जातोय.

दोन गोष्टी अजून विचारतो. ११ कॉम्प्रेशन नेमकं कसं गाठायचं? पिस्टनच्या पानावर '११:१' लिहिलंय म्हणून तेवढंच मिळेल असं आता वाटत नाही. आणि बॅलन्सिंगला काय काय द्यायचं?

होनिंगवाला

पानावरचं ११ हे त्यांनी धरलेल्या गॅस्केटला, त्यांनी धरलेल्या चेंबरला. तुमचं हेड आधी कोणी घासलंय का, किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही.

८१.५ बोअर आणि ७७ स्ट्रोकला एका सिलिंडरचं स्वेप्ट व्हॉल्यूम ४०१.७ सीसी. ११ हवं असेल तर टीडीसीला वर उरलेली सगळी जागा मिळून ४०.२ सीसी हवी. चेंबर, गॅस्केटची जाडी, पिस्टन डेकपासून (ब्लॉकच्या वरच्या सपाट बाजूपासून) खाली राहतो ती जागा, पिस्टनमधल्या व्हॉल्व्हच्या खाचा, हे सगळं त्यात आलं. त्यातून पिस्टनचा घुमट वजा. एक सीसी कमी झाला की ११ चं ११.२५ होतं. डेक ०.१ मिलिमीटर घासला की अर्धा सीसी जातो, म्हणजे ११.१३. हेडचा आणि डेकचा आकडा म्हणून आत्ता कोणी सांगू शकत नाही. दोन्ही फक्त सपाट होतील इतकेच घासा, स्टीलच्या थरांचं गॅस्केट लावणार असाल तर फिनिश नितळ हवी हे सांगून. मग अंशांकित ब्युरेट आणि भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची पट्टी घ्या. चेंबरच्या कडेला ग्रीस लावून पट्टी चिकटवा, व्हॉल्व्ह आणि प्लग लावलेले असू देत, आणि रंगीत स्पिरिट सोडा. पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा भोकातून निघेपर्यंत थांबायचं आणि मग ब्युरेट वाचायचा. चारही चेंबर मोजा. फरक निघाला तर सगळ्यात मोठ्या चेंबरइतके बाकीचे करा. उरलेला हिशेब गॅस्केटच्या जाडीने जुळवायचा, म्हणून गॅस्केट सगळ्यात शेवटी मागवा. त्याचं भोक बोअरपेक्षा मोठं असलं पाहिजे.

त्यानंतर एकदा कच्ची बांधणी. पिस्टनच्या खाचांत चिकणमाती ठेवून, कॅम डिग्री व्हीलने (क्रँकवर लावायच्या अंशांच्या चकतीने) लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि दबलेली माती कापून मोजा. इनटेकला २ मिलिमीटर, एक्झॉस्टला २.५ असं मी धरतो. टीडीसीच्या आधी १० अंशांवर एक्झॉस्ट आणि नंतर १० अंशांवर इनटेक सगळ्यात जवळ येतो, तिथे खास लक्ष द्या. कमी पडलं तर खाच वाढवावी लागेल, म्हणजे पिस्टनचं वजन बदलणार आणि चेंबरचा हिशेबही. म्हणून बॅलन्सिंग याच्या नंतर.

बॅलन्सिंगला क्रँक, फ्लायव्हील, क्लच कव्हर, पुढची पुली. सरळ चार सिलिंडरच्या क्रँकला व्ही इंजिनासारखी बॉब वेट (बॅलन्सिंगपुरती क्रँकवर लावायची वजनं) लागत नाहीत. पिस्टन पिनसकट एका ग्रॅमच्या आत जुळवा. रॉडचं मोठं टोक आणि लहान टोक वेगवेगळं तोलायचं, नुसतं एकूण वजन सारखं असून भागत नाही.

रिंगांचा गॅप बोअरच्या दर मिलिमीटरला ०.००४ म्हणजे ८१.५ ला ०.३३ च्या आसपास, पुन्हा कार्डावर काय आहे ते बघून. फाईल करताना एकच टोक घासा. रिंग बोअरमध्ये पिस्टनने ढकलून काटकोनात बसवा आणि मग फीलर गेज घाला.

आणि ब्लॉक परत आला की मशीनशॉपने धुतलाय म्हणाले तरी तुम्ही पुन्हा धुवा. गरम पाणी, साबण, कडक ब्रश. रॉकेल किंवा पेट्रोलने होनिंगची भुकटी निघत नाही, रेघांमध्ये बसून राहते. तेलात भिजवलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवा. राखाडी आलं तर परत साबण. पांढरं आलं की ताबडतोब तेल लावा, कोरडं लोखंड बघता बघता गंजतं. ऑइल गॅलरीतून लांब ब्रश घालायचा आणि नवे प्लग त्यानंतरच बसवायचे. क्रॅक टेस्टचा निकाल आणि धुतल्यानंतरची मापं इथे टाका, ओव्हरसाईज मिळून ठरवू.